वाकळीच्या कडेच्या ओळी

माझी बायको यमुना गेली त्या वर्षी सिस्टरांच्या शाळेनं माझ्याकडं जेवढ्या वस्तू मागितल्या, तेवढ्या माझ्या लग्नातसुद्धा कुणी मागितल्या नव्हत्या.

तुळजा, आमची एकुलती एक मुलगी, त्या शाळेत दहावीला होती. शाळा फक्त मुलींची. तिथल्याच बोर्डिंगात राहायची आणि पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी आमच्या गावी, बाजारकुणंगला घरी यायची. आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगायची, "बाबा, क्राफ्टला आणायचं हाय." क्राफ्ट म्हणजे शिवण, भरतकाम, स्वयंपाक, असलं सगळं. गणिताला कधी काही आणावं लागलं नाही, इतिहासाला नाही. क्राफ्टचं मात्र कधी संपायचं नाही.

एकदा गुलाबी दोऱ्याची लडी हवी होती. मी भात विकायला रामनगरला गेलो होतो, तिथल्या दुकानात मागितली. दुकानदार लखूनं गुलाबी रंगाच्या लड्यांचा डबाच समोर पालथा केला. "कुठला पाहिजे? फिका, गडद, राणी, का कांद्याचा?" मी मधला उचलला. तो चुकीचा निघाला. पुढच्या शनिवारी परत गेलो तेव्हा लखू म्हणाला, "पुंडलिकमामा, आता तुम्हीच शिकून घ्या की भरायला. माझा वेळ तरी वाचंल."

त्या दोऱ्यानं टेबलक्लॉथ भरला. आमच्या घरात टेबल नाही. मी विचारलं, "हे घालायचं कशावर?" तुळजा म्हणाली, "आपल्याकडं न्हाई, खरं लोकांकडं असतंय की." शेवटी तो भाताच्या कणगीवर घातला आणि दर वेळी भात काढताना मी तो काढून घडी करून बाजूला ठेवायचो, कारण डाग पडला असता तर परीक्षेत मार्क गेले असते.

मग केक. पातेल्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि मध्ये आमच्या कोंबडीची अंडी. कोंबडीनं त्या आठवड्यात मनावर घेतलं नाही, म्हणून मी शेजारच्या झिलूच्या घरी अंडी मागायला गेलो. झिलूच्या बायकोनं विचारलं, "कोण पाव्हणं आल्यात?" मी म्हणालो, "पाव्हणं न्हाईत. शाळा आलीया." केक वरून जळाला आणि आतून कच्चा राहिला. जळालेला भाग मी चहात बुडवून खाल्ला. तुळजानं वहीत लिहिलं की केक चांगला झाला.

यमुना असताना हे मला काही माहीत नव्हतं. मागण्या तिच्याकडं जायच्या. ती कुठून काय आणायची, कुणाकडं काय मागायची, ते तिलाच ठाऊक. मला एवढंच दिसायचं की मुलगी शनिवारी रिकाम्या पिशवीनं येते आणि सोमवारी भरल्या पिशवीनं जाते. श्रावणात यमुना गेली. पोटात गाठ होती. बेळगावच्या दवाखान्यात नेलं, आणलं, परत नेलं. दिवसकार्य झालं, तुळजा शाळेत परतली, आणि पहिल्याच शनिवारी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, भरतकामाची रिंग पाहिजे." तेव्हा मला कळलं की हे आता माझ्याकडं आलं.

माझी बहीण फुला जवळच्या गुंद गावात दिलेली. भावजय गेल्यापासून दर आठवड्याला यायची. मी चूल पेटवत बसलेला दिसलो की तिचं सुरू व्हायचं.

"अण्णा, पोरीला घरी आण. तू हितं धुरात डोळं चोळतोस आणि ती तिथं रुमालावर फुलं काढती."

"दहावी होऊ दे."

"दहावी झाली म्हणून भाताला ऊत यायचा थांबतोय व्हय? बघ, गेला उतू."

खरंच गेलेला असायचा.

हे सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते वाकळीचं.

आजारपणात यमुनानं एक वाकळ घालायला घेतली होती. आमच्याकडं वाकळ घालायची म्हणजे जुनी लुगडी एकावर एक पसरायची आणि कडेनं ओळ सुरू करून फिरत फिरत आत जायचं. मध्यावर संपते. एरवी शेजारच्या बायका जमतात, चारी बाजूंनी बसतात, कुणी एक ओळ घालते, कुणी चार, आणि गप्पा मारत चार दुपारींत काम उरकतं. या वेळी तिनं कुणाला बसू दिलं नाही. "आजारी माणसाला एक तरी काम ऱ्हाऊ द्या," म्हणाली. वाकळ तुळजाला पांघरायला होती. बाहेरच्या ओळी झाल्या, हातभर आत आली, आणि तिथंच राहिली. सुई टोचलेली तशीच. मी ती माडीवर दोरीवर टाकून ठेवली होती. फुलानं दोनदा म्हटलं की अर्धी वाकळ घरात ठेवू नये, मी पुरी करते. मी हात लावू दिला नाही.

परीक्षेला महिना राहिला असताना मी माडीवर गेलो तर दोरी रिकामी.

मी खाली येऊन फुलाला म्हणालो, "कुठं हाय?"

"काय?"

"सांगितलं होतं तुला हात लावू नको म्हणून."

"कशाला हात लावला मी?" तिनं मला पुरतं बोलू दिलं. मी जे बोललो ते सगळं ऐकून घेतलं, चुलीत लाकूड सारलं आणि मग म्हणाली, "झालं? तुझ्या लेकीनं नेली. मागच्या खेपेला. परीक्षेला दाखवायला. मला वाटलं तुला विचारून नेली."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी शाळेत गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं.

क्राफ्टची खोली मागच्या बाजूला होती. अर्ध्या मुली चटईवर बसून शिवत होत्या, अर्ध्या पलीकडं स्टोव्हवर काहीतरी तळत होत्या. दारात सिस्टर लुर्दिना भेटल्या. या क्राफ्टच्या सिस्टर. गोव्याकडच्या, मराठी बोलायच्या पण कोकणीच्या सुरात. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "पुंडलिकबाब, बरं झालं तुमी आलात. मीच निरोप धाडणार होते. तुमची मुलगी माझ्याशी खोटं बोलली."

मी जे ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो.

सिस्टरांनी कपाटातून वाकळ काढून बाकावर पसरली. आता ती पुरी झाली होती. मधल्या ओळी तुळजानं घातल्या होत्या.

"मोठ्या परीक्षेला एक वस्तू करायची असते," त्या म्हणाल्या. "कापडाला हात लावल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत मुलीनं स्वतः केलेली. हे मी जूनपासून सांगते. ही वाकळ घेऊन आली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाली, माझी. मी परत विचारलं, नक्की तुझीच? म्हणाली, माझीच. मग मी उलटी करून बघते तर दोन हात. कडेचा टाका बारीक, मधला लांब. मला आंधळी समजते ती?"

"सिस्टर, ती खोटं बोलली न्हाई."

"मग कडेच्या ओळी कुणाच्या?"

"तिच्या आईच्या."

"मग?"

"मग वाकळ तिचीच की. तिच्या आईनं तिला घातलेली." मी वाकळीची कड हातात धरली. "आमच्यात वाकळ कुणी शिवली ते कुणी विचारत न्हाई. धा बायका बसत्यात. वाकळ कुणाची म्हटलं की कोण पांघरणार त्याचं नाव सांगायचं. तुम्ही विचारलं कुणाची, तिनं सांगितलं माझी. दुसरं काय सांगणार?"

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली. तुळजा आली. दोन्ही हातांना मैदा. मला बघून ती दारातच थांबली.

"तुळजा," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या वाड्यात शेजारच्या घरची वाकळ कुणाची?"

"झिलूकाकाच्या सासूची," तुळजा म्हणाली.

"शिवली कुणी?"

"सगळ्यांनी. आईनं, तुकाच्या काकीनं, मी पण दोन ओळी घातल्या. का वो, सिस्टर?"

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. "देवा सायबा," म्हणाल्या. "बरं. खोटं नाही. ते मी मनातून काढलं. पण परीक्षक बाई कारवारहून येणार. ती विचारील, सगळी तूच शिवलीस? तेव्हा काय सांगशील?"

"न्हाई म्हणून सांगीन."

"मग नापास."

स्टोव्हवर कुणाचं तरी काही जळालं. सिस्टरांनी मान न वळवता "सुंदरी, वात खाली कर," असं सांगितलं आणि पुढं बोलल्या. "दोन रस्ते आहेत. एक, कडेच्या ओळी उसवायच्या आणि हिनं नव्यानं घालायच्या. दोन, ही वाकळ घरी न्यायची आणि हिनं दुसरं काहीतरी करायचं. फ्रॉक कर, एप्रन कर. वेळ आहे अजून."

"उसवायची न्हाई," मी म्हणालो.

"मी दुसरं काय करणार न्हाई," तुळजा म्हणाली.

सिस्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "एकाला उसवायची नाही, एकीला दुसरं करायचं नाही. मग मी काय करू? परीक्षक बाईला जेवण घालून परत धाडू?"

चटईवरच्या मुली माना खाली घालून ऐकत होत्या. त्यांच्या सुया थांबलेल्या मला दिसत होत्या.

"तुमच्या घरात सगळे असेच आहेत?" सिस्टरांनी विचारलं.

"एक शहाणी होती," मी म्हणालो.

त्यावर त्या जरा नरम झाल्या. मला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाल्या, "पुंडलिकबाब, ऐका. बेळगावला आमच्या सिस्टरांकडे शिवणाचं दोन वर्षांचं शिक्षण असतं. इथून दर वर्षी एक मुलगी जाते. राहणं, जेवण तिथंच. शिकून आली की तिला कुठल्याही शाळेत क्राफ्ट शिकवता येतं. मी तुळजाचं नाव धरलंय. पण क्राफ्टात नापास झालेल्या मुलीला क्राफ्ट शिकवायला कशी धाडू? ती घरी येईल. तुमचा भात शिजवील."

हे फुला दर खेपेला म्हणत होती. तेच शब्द. फरक एवढाच की फुलाला ते बरं वाटत होतं आणि सिस्टरांना वाईट.

ही शाळा यमुनानं निवडली होती. तुळजा पाचवीत असल्यापासून ती म्हणायची, पोरीला सिस्टरांकडं घालायची. फुला, झिलूची बायको, सगळ्या तिला हसल्या होत्या. मुलीचं नाव घालायला ती स्वतः आली होती, माझ्याबरोबर, याच व्हरांड्यात बसली होती. आता ती नव्हती आणि तिनं शिवलेलं ठेवायचं की तिनं ठरवलेलं ठेवायचं, हे मला एकट्याला सांगायचं होतं. असली कामं ती गेल्यापासून माझ्या वाट्याला फार आली. एकही सोपं नव्हतं. गुलाबी दोरासुद्धा नाही.

मी आत गेलो आणि तुळजाला म्हणालो, "उसव."

"बाबा, आईच्या..."

"उसव म्हणतोय न्हवं. का कन्नडात सांगू?"

सिस्टरांनी तिला शनिवार, रविवार जोडून सुट्टी दिली. वाकळ घेऊन आम्ही दोघं एकाच बसनं घरी आलो. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टर म्हणाला, "काय बाळे, थंडी वाजती व्हय?" तिनं वाकळ आणखी जवळ ओढली. मी तिकिटाचे पैसे दिले.

शनिवारी सकाळी पडवीत चटई घातली. फुला कात्री घेऊन आली. "आण हिकडं, घटकेत मोकळी करते."

"आत्ती, कात्री लावायची न्हाई," तुळजा म्हणाली. तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून दोरा ओढायला सुरुवात केली. मी समोरची कड ताणून धरली. कापड सैल पडलं की थर सरकतात म्हणून धरायला लागायचं. दोरे खाली पडत होते आणि कोंबड्या ते चोचीत धरून पळत होत्या. मी एका हातानं वाकळ धरायचो आणि दुसऱ्यानं कोंबड्या हाकलायचो. फुला म्हणाली, "अण्णा, दोऱ्यासाठी कोंबडीच्या मागं कशाला पळतोस? दोरा न्हवं तो?"

"दोराच हाय."

"मग?"

"मग गप बस."

पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली. जुनी लुगडी मऊ असतात, दोरा जाड. टाका निघाला तरी त्याची भोकं तशीच राहतात. ओळ गेली पण कुठून गेली ते दिसत होतं. बाहेरच्या ओळी सरळ होत्या. आतल्या बाजूला, जिथं यमुना थांबली, तिथल्या शेवटच्या ओळी वाकड्या होत्या. तेव्हा ती कुशीवर पडून शिवायची. मी मध्येच उठलो आणि फुलाला म्हणालो, "धर." शेतात तसं काही काम नव्हतं. तरी गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा सगळं उसवून झालं होतं आणि तुळजा कडेची पहिली ओळ घालत होती. मी बघितलं नाही. सोमवारी ती वाकळ घेऊन शाळेत गेली.

परीक्षेच्या दिवशी आईबापांनाही बोलावलं होतं, कारण नंतर त्याच वस्तूंचं प्रदर्शन होतं. परीक्षक बाई आधी गोव्यात लेकीकडं गेल्या होत्या, तिथून आगगाडीनं यायच्या होत्या. गाडी कॅसलरॉकला अडकली. आम्ही अकरापासून बसलो होतो. मुलींनी परीक्षेसाठी केलेल्या करंज्या टेबलावर झाकून ठेवल्या होत्या आणि खायला परवानगी नव्हती. माझ्या शेजारी सुंदरीचा बाप बसला होता. तो म्हणाला, "माझ्या पोरीनं फ्रॉक शिवलाय. घरात लहान पोर न्हाई एक. आता कुणाला घालायचा?" मी म्हणालो, "आमच्याकडं टेबलक्लॉथ हाय. बदलूया का?"

दुपारी बाई आल्या. चष्मा, हातात टेप, चेहऱ्यावर प्रवासाचा वैताग. एकेका वस्तूपाशी थांबून उलटी करून बघत होत्या. तुळजाच्या वाकळीपाशी आल्या.

"सगळी तूच शिवलीस?"

"व्हय, बाई."

त्यांनी सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. बाईंनी वाकळ अर्धी उलटली, टेप लावला. "मधल्या ओळी चांगल्या आहेत. कडेच्याही. आणि मग ही मध्येच जत्रा कसली?" त्यांनी बोट ठेवलं. "ही ओळ बघ. ही बघ. झोपेत शिवलीस?"

बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली आणि त्या फ्रॉककडं गेल्या.

मी पुढं होऊन बघितलं. दोरा नवा होता, पांढरा स्वच्छ, सिस्टरांच्या कपाटातला. टाका तुळजाचा होता. पण ओळी यमुनाच्याच होत्या. ती जिथं वर गेली होती तिथं वर, जिथं घसरली होती तिथं खाली. मी त्या ओळी रोज बघत होतो तेव्हा, ती शिवत असताना. मला ओळखायला वेळ लागला नाही.

बाई करंज्यांकडं वळल्या तशा सिस्टर लुर्दिना आमच्याकडं आल्या. हळू आवाजात पण रागानं बोलल्या.

"तुला सरळ ओळ येत नाही?"

"येतीया, सिस्टर."

"मग हे काय?"

"भोकं होती. त्याच भोकांतनं घातली."

"भोकं वाकडी आहेत हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. मला वाटलं आता त्या मोठ्यानं बोलणार. पण त्या वाकळीवरून हात फिरवत राहिल्या, वाकड्या ओळींवरून, आणि मग म्हणाल्या, "नियम मोडला नाही. सगळी हिनंच शिवली. पण मार्क गेले ना, पुंडलिकबाब. पहिला नंबर हिचा होता. आता सुंदरीच्या फ्रॉकला मिळणार, आणि त्या फ्रॉकची एक बाही लहान आहे."

"पास हाय का?" मी विचारलं.

"पास आहे. पास व्हायला काय लागतं?"

"मग बेळगाव?"

एका मुलीनं काहीतरी विचारलं, तिला सिस्टरांनी हातानंच थांबवलं. "धाडते," शेवटी म्हणाल्या. "पण तिथली सिस्टर माझ्यासारखी नाही. वाकडी ओळ दिसली की सगळ्यांच्या समोर उसवून घेते. आत्ताच सांगून ठेवा हिला."

"मी सांगून ऐकती व्हय? तुमचं ऐकंल."

"माझं ऐकते? मग ही काय?" त्यांनी वाकळ उचलून माझ्यासमोर धरली.

प्रदर्शनाला लोक यायला लागले होते. सिस्टरांनी वाकळीची घडी घातली, वाकड्या ओळी आत जातील अशी, आणि टेबलावर मांडली. त्या पाठमोऱ्या झाल्या तशी तुळजानं घडी उलटी केली. सिस्टर परत आल्या, त्यांनी बघितलं, सरळ केली, आणि वर फुलदाणी ठेवली. तुळजानं फुलदाणी उचलून शेजारच्या टेबलक्लॉथवर नेऊन ठेवली आणि घडी पुन्हा उलटली.

बाहेर बसनं भोंगा दिला. सुंदरीचा बाप म्हणाला, "चला, ही गेली तर पुढची न्हाई."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो आणि तिथंच उभा राहिलो. सिस्टर पुन्हा टेबलाकडं येत होत्या.